वेदीपुढे ठेवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. थांबा, लगेच तोंडाला पाणी सुटू देऊ नका. रत्नागिरीत पेटी म्हटली की माणसाला हापूस आठवतो. मिरजेहून एसटीच्या टपावर बसून मी पहिल्यांदा इथे उतरले, तेव्हा स्टँडवरच्या एका हमालाने मला हुंगून पाहिले आणि "वास कसा नाय गो हिला" म्हणत तोंड वाकडे केले. माझ्या पोटात आंबे नाहीत, सूर आहेत. मी वाजायची पेटी आहे आणि हे मी थोड्या अभिमानानेच सांगते.

मिरजेच्या एका कारागिराने मला जुन्या सागवानातून घडवले. ते लाकूड आधी कुणाच्या तरी दाराची चौकट होते. म्हणूनच की काय, माणसांचे येणे-जाणे मला पहिल्यापासून आवडते. त्याने माझ्यात पितळेच्या पातळ जिभा, म्हणजे सूर, बसवले, भात्याला मऊ कातडे लावले आणि पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. शेवटी त्याने माझ्यावर कान ठेवला, जसा डॉक्टर छातीवर ठेवतो, आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर मी आजवर जगते आहे.

मला विकत घेतले ते रत्नागिरीतल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीने. कसे घेतले ते ऐका. त्या मंडळीतल्या बायका रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढत. डब्यात साठलेले ते तांदूळ रविवारी देवळात येत. असे दोन वर्षे चालले आणि त्यातून मी आले. ज्या घरात दोनच मुठी शिजत, त्या घरानेही माझ्यासाठी एक मूठ काढली होती. तेव्हा कुणी मला जुनी म्हटले तर मला वाईट वाटत नाही. तांदूळ जुनाच चांगला.

पहिल्या दिवसापासून माझ्यावर बोटे फिरली ती आप्पांची. आप्पा मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. सहा दिवस लाद्या उचलून त्यांची बोटे गार आणि ताठ झालेली असत. रविवारी माझ्यासमोर बसले की ते आधी तळहात एकमेकांवर घासत, बोटांवर फुंकर घालत आणि मगच मला हात लावत. गार हाताने सूर धरू नये, म्हणत. माझ्या डावीकडे तबल्यावर बसे त्यांचा धाकटा भाऊ सदू. तो रिक्षा चालवायचा, अजूनही चालवतो. आणि आमच्या दोघांच्या पुढे, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहत विमलाबाई.

विमलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पण मित्रांनो, त्यांचे खरे वैभव कीर्तनात दिसे. उपदेश बोलून करणारे पुष्कळ असतात, बाई तो गाऊन करत. शास्त्रातले एक वचन घ्यायचे, त्याचे पद रचायचे, आणि मग ते पद आणि गोष्ट अशी गुंफायची, की ऐकणाऱ्याला वाटावे हे आपल्याच घरातले चालले आहे. त्या म्हणत, "वचन देवळात ऐकायचं असतं आणि घरी वापरायचं असतं. कपाटात ठेवलेलं औषध कुणाला लागू पडत नाही."

आणि ते लागू पडे. ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे, कारण पुढच्या रविवारी माणसे मला खेटून बसत आणि एकमेकांना सांगत. तहानलेल्याला पाणी देण्यावर एकदा कीर्तन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईने शेजारणीसाठी विहिरीवरचा दोर-पोहरा पुन्हा बाहेर काढून ठेवला. उन्हाळाभर तिने तो घरात लपवला होता. "बाईंनी माझं नावच घ्यायचं बाकी ठेवलं होतं," ती म्हणाली. बाईंना तर त्या पोहऱ्याचा पत्ताही नव्हता. अशा वेळी माझा भाता आपोआप फुगे. त्या पदाला सूर माझाच होता ना.

असे माझे भरभराटीचे दिवस चालले होते. मग एक दिवस एका शब्दाने घात केला.

भातकापणी उरकली की आमच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण होतो. लोक आपापल्या वाडी-परसातले पहिले फळ देवापुढे आणून ठेवतात. नारळ, सुरण, नव्या तांदळाची पिशवी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. त्या दिवशी कीर्तन ठरलेले. पाच वर्षांपूर्वीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सराव चालला होता. शेवटचे पद आप्पांच्या फार आवडीचे. एकदा त्यात शिरले की ते आलापातून बाहेर यायचे नाव घेत नसत. सराव संपला, आप्पा बाहेर हात धुवायला गेले. सदूने तबल्यावर कापड टाकले, एक हात माझ्या झाकणावर ठेवला आणि आपल्या बायकोला, कमळाला म्हणाला, "उद्या आप्पानं हे पद सोडलं ना, तर बरं होईल. सावर्ड्याहून आलेल्या माणसांची शेवटची एसटी चुकते."

मित्रांनो, कीर्तनातल्या गाण्याला पद म्हणतात हे तुम्हाला कळलेच असेल. पण मानाच्या जागेलाही पदच म्हणतात. आणि आप्पा तेव्हा अकरा वर्षे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी होते.

मागे गंगुबाई झाडू मारत होत्या. स्वभावाने लोण्यासारख्या, पण एका कानाने अधू. त्यांच्या चांगल्या कानात वाक्याचा पहिला तुकडा पडला आणि एसटी झाडूच्या आवाजात निघून गेली. त्या काळजीने आप्पांपाशी गेल्या आणि हळू आवाजात सांगून आल्या की तुमचा सख्खा भाऊच म्हणतो, आप्पानं पद सोडलं तर बरं.

आप्पांनी काही विचारले नाही. भावाला तर नाहीच नाही. सणाचे कीर्तन त्यांनी वाजवले, शेवटचे पद नेहमीपेक्षाही लांबवले, आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींचा राजीनामा लिहून मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, हातात दिला. सदूला तो घरच्यांकडून कळला. त्याला वाटले, एवढी मोठी गोष्ट, आणि आप्पाने आपल्याला शब्दाने विचारले नाही. तोही फुगला.

मी मधे होते. मला सारे ठाऊक होते. ते वाक्य माझ्या झाकणावर हात ठेवूनच बोलले गेले होते. पण पेटीचे दुःख हे, की तिला बोट लागल्याशिवाय आवाज फुटत नाही, आणि फुटला तरी त्यात शब्द नसतात. सहा महिने ते दोघे माझ्या दोन बाजूंना बसून वाजवत राहिले. आप्पा नुसता 'सा' धरत, सदू हातोडीने तबला त्या 'सा'ला मिळवून घेई. तेवढेच त्यांचे बोलणे. वाद्ये एका सुरात आणि माणसे दोन गावांत.

पुढे सदूच्या मुलीचे, इशाचे, लग्न ठरले. ही मुलगी माझ्या भात्याला टेकून झोपी जायची, तिला पहिला सूर आप्पांनीच धरायला शिकवला होता. सदू स्वतः आला नाही. त्याने कमळाला पाठवले. ती पदर सावरून आप्पांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, लग्नाच्या भक्तीला पेटी तुम्हीच वाजवायची. इशाचा हट्ट आहे."

आप्पा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "पेटी नादुरुस्त आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, मी नादुरुस्त नव्हते. आदल्याच रविवारी तीन गीते न अडखळता वाजवली होती. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढे लागेल असे बोलले नाही. तेही ज्यांची बोटे मी माझी मानत आले, त्यांनी.

लग्न झाले. भाड्याचा कीबोर्ड आला. आप्पा मागच्या बाकावर बसले, आशीर्वाद देऊन घरी गेले. पण खोट्याचे एक असते. ते एकदा बोलून भागत नाही, त्याची रोज देखभाल करावी लागते. पेटी नादुरुस्त म्हटल्यावर पुढच्या रविवारी ती वाजवायची कशी? कुणी म्हणाले मिरजेला धाडू, कुणी म्हणाले कोल्हापूरचा माणूस बोलावू. आप्पा म्हणत, पाहू. मग मंडळीने नवा कीबोर्ड घेतला. त्याच्यात एक बटण दाबले की तबलाही वाजतो, त्यामुळे सदूची जागाही गेली. पण सदू त्याआधीच उठून गेला होता. तो दर रविवारी कमळाला रिक्षाने गेटपर्यंत सोडी, आणि भक्ती संपेपर्यंत बाहेर रिक्षातच बसून राही. वेदीपासून गेट वीस पावलांवर आहे. आमचे देऊळ इतके लहान, की गेटवर कुणी शिंकले तर वेदीपाशी 'देव बरे करो' म्हणता येईल. पण ती वीस पावले तीन वर्षे एक भाऊ दुसऱ्याकडे चालला नाही.

मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर फाटक्या गीतपुस्तकांचा ढीग आला, त्यावर फुलदाणी आली, आणि फुलदाणीने माझ्या पॉलिशवर एक गोल डाग कायमचा उमटवला. समुद्र जवळ असलेल्या गावात पेटी बंद ठेवणे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. खारी हवा फटींतून आत येते आणि पितळेवर बसते. रोज वाजणाऱ्या सुरावर ती टिकत नाही, मुक्या सुरावर तिचा गंज चढतो. माझा मधला गांधार घोगरा झाला. सर्वांत वाईट वाटे ते याचे, की आता मी खरोखरच नादुरुस्त होत चालले होते. ते खोटे हळूहळू खरे होऊ लागले होते.

विमलाबाईंचे कीर्तनही त्या काळात बंदच होते. आधी पेटी नव्हती, मग तबला नव्हता, मग बाईंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. मागच्या वर्षी पावसाळा सरला, तशा त्या काठी टेकत देवळात आल्या आणि आप्पांना म्हणाल्या की यंदा सणाला कीर्तन करायचे, आणि पेटीवरच करायचे. आप्पा म्हणाले, पेटी बिघडलेली आहे. बाईंनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली, पुस्तके खाली उतरवली, झाकण उघडले, डाव्या हाताने भाता मारला आणि उजव्या हाताची पाचही बोटे माझ्यावर ठेवली.

मी ओरडलेच म्हणा ना. तीन वर्षांचा श्वास होता तो.

"आप्पा, ही तर बरी आहे," बाई म्हणाल्या.

"आपोआप बरी झाली असेल."

"पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली मी. आपोआप बरं झालेलं फार थोडं पाहिलं."

आप्पा खाली मान घालून माझ्या पट्ट्यांवरची धूळ रुमालाने पुसू लागले. बाईंनी पुढे काही विचारले नाही. उत्तर कधी थांबून घ्यायचे, हे चांगल्या नर्सला कळते.

सणाचा रविवार आला. वेदीपुढच्या पायरीवर नारळ, सुरण, भोपळे, तांदळाच्या पिशव्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी चटईवर मी. कीबोर्ड कापडाखाली होता. सारी मंडळी आली होती. दारे-खिडक्या उघड्या होत्या आणि गेटबाहेर नेहमीसारखी सदूची रिक्षा उभी होती. तबल्याची जागा रिकामी. बाई एकट्या चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या, आप्पांनी तळहात घासले, नमन झाले, आणि बाईंनी वचन सांगितले. प्रभूने डोंगरावर सांगितलेले. तू देवापुढे दान घेऊन आलास आणि तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान दे.

मग बाईंनी पद धरले, त्यांचे स्वतःचे रचलेले:

जोडण्याच्या आधी, हात तू पसर,
भावाच्या तो धर, खांद्यावरी।
मग ये माघारी, देवाच्या या दारी,
रिते हात तरी, भरलेले॥

दोनदा गाऊन त्या थांबल्या आणि बोलू लागल्या. "आता नीट ऐका. हे वचन आपण फार घाईत वाचतो. भावानं तुझा अपराध केला असेल तर जा, असं ते म्हणत नाही. अपराध कुणाचा, हे इथे देवानं विचारलेलंच नाही. भावाच्या मनात काही आहे ना, एवढंच विचारलंय. माझंच बरोबर, त्यानंच आधी यावं, असं म्हणून आपण दान घेऊन रांगेत उभे राहतो. नारळ आणतो, तांदूळ आणतो, गाणं आणतो. आणि देव आपल्या खांद्यावरून मागे बघत असतो, की ह्याचा भाऊ कुठे आहे."

एवढे बोलून त्यांनी चिपळ्या वाजवल्या आणि पुन्हा पदासाठी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी भाता भरला. माझे पोट वाऱ्याने गच्च झाले. त्यांची बोटे पट्ट्यांवर आली. आणि दाबली गेली नाहीत.

इतकी वर्षे मी ती ओळखते, बर्फाने गारठलेली ओळखते, पण अशी कधी पाहिली नव्हती. मग ती माझ्यावरून उचलली गेली. आप्पा उठले. झाकण उघडे, भाता भरलेला, मला तशीच नारळ-तांदळांच्या रांगेत सोडून ते मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले. माझा भाता हळूहळू उसासा टाकत मिटत गेला.

कुजबुज सुरू झाली. आप्पांना बरे वाटत नाही का, असे कुणी विचारले. कुणी कीबोर्डवरचे कापड ओढले. विमलाबाईंनी हात वर केला. "कीबोर्ड राहू द्या. आप्पांचं दान वेदीपुढे ठेवलेलं आहे. माणूस येईल. आपण थांबू या."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. नारळ ज्याने त्याने आणले होते, तांदूळ ज्याने त्याने आणले होते. आप्पांचे दान मी होते.

देवळात इतकी शांतता झाली, की गेटवरचे सारे आत ऐकू आले. रिक्षाच्या सीटची करकर ऐकू आली. सदू उतरला असावा.

"सदू," आप्पांचा आवाज आला. "पेटीला काही झालं नव्हतं. इशाच्या लग्नात मी खोटं बोललो."

मग सदू म्हणाला, "ते मला तेव्हाच माहीत होतं. आदल्या रविवारी तिच्या शेजारी मीच बसलो होतो ना?"

"मग बोलला नाहीस ते?"

"काय बोलू? माझ्या पोरीच्या लग्नात तुझ्या हाताला लकवा भरला होता, हे मंडळीला सांगू?"

"माझं चुकलं. पोरीची मी माफी मागेन, आजच फोन करून. तुझी आत्ता मागतो."

कमळा बाकावर पदराचे टोक तोंडाशी धरून बसली होती. मग सदूचा आवाज आला, आता मऊ, जरा चिरकलेला. "एक सांग आप्पा. पद का सोडलंस तू? मला विचारलंसुद्धा नाहीस."

"तूच म्हणालास ना, आप्पानं पद सोडलं तर बरं."

"मी? कधी?"

"सणाच्या आदल्या दिवशी. गंगुबाईंनी ऐकलं."

आणि मग सदू हसायला लागला. आधी खोकल्यासारखा, मग मोठ्याने. "अरे मेल्या, मोठा भाऊ आहेस म्हणून, नाहीतर... गाण्याचं म्हणत होतो रे मी. शेवटचं पद! तू आलापात शिरलास की सावर्ड्याची एसटी सुटते!"

देवळात पहिल्यांदा कमळा हसली, तेही रडता रडता. मग सगळे बाक हसले. खिडकीपाशी बसलेल्या गंगुबाईंनी दोघांतिघांना विचारले की काय झाले, आणि कुणीतरी त्यांच्या चांगल्या कानात सारे सांगितले. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "देवा, एसटी तेवढी माझ्या कानातून गेली बघ." नंतर आप्पांनीच त्यांना समजावले की दोष कानाचा नव्हता. कान एकच अधू होता, आणि विचारायला तोंड मात्र आपल्याला पुरे होते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. आप्पा जेव्हा उठले, तेव्हा त्यांना एसटीचे काही ठाऊक नव्हते. भावाने आपला अपमान केला, असेच ते तेव्हाही समजत होते. तरी उठले. गैरसमज नंतर मिटला, समेट आधी झाला. मला अभिमान आहे तो याचा.

दोघे भाऊ आत आले. सदूच्या अंगात रिक्षावाल्याचा खाकी सदरा तसाच होता. कुणीतरी कपाटातून तबला आणला, सदूने त्यावरचे कापड झटकले आणि धुळीने त्याला दोनदा शिंक आली. मग माझ्या डावीकडे, आपल्या जुन्या जागी बसत त्याने हातोडी उचलली आणि म्हणाला, "दे सूर."

आप्पांनी तळहात घासले. आणि 'सा' धरला.

त्यानंतरच्या कीर्तनाविषयी मी काय सांगू? गांधार माझा घोगराच होता, पण विमलाबाई म्हणाल्या, रडून झालेल्या माणसाचा आवाज असाच असतो, राहू दे. शेवटचे पद आले, तेव्हा सदूने तबल्यावरून हळूच घड्याळ दाखवले आणि आप्पांनी आलाप अर्ध्यातच आवरला. सावर्ड्याच्या माणसांना त्या दिवशी एसटी मिळाली.

आता मी पुन्हा दर रविवारी वाजते. कीबोर्डही आहे. तरुण मुले तो वाजवतात, आमचे भांडण नाही. घोगरा सूर आप्पांनी स्वतः काढून, घासून पुन्हा बसवला. फुलदाणीचा गोल डाग मात्र त्यांनी पॉलिशने घालवू दिला नाही. इशा माहेरी आली, की आपल्या बाळाला माझ्यासमोर बसवते आणि ते बाळ लाळेने माझ्या पट्ट्या ओल्या करते. खाऱ्या हवेपेक्षा ते बरे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी पेटी असेल, तर तिला रोज थोडी वाजवत जा, निदान झाकण उघडून एक सूर धरत जा. बंद ठेवलेल्या सुरावर गंज चढतो, आणि माणसामाणसांतल्या न बोललेल्या शब्दांवरही तसाच चढतो. काही ऐकले, तर ते सांगणाऱ्याला न विचारता ज्याने म्हटले त्याला जाऊन विचारा. पावले बहुधा वीसच असतात.

आजवर माझ्यावर किती गीते वाजली असतील, याची मोजदाद मी कधी केली नाही. पण मला कुणी विचारले, की पेटीबाई, तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस कोणता, तर मी सांगेन: ज्या दिवशी भरला भाता घेऊन मी वेदीपुढे मुकी पडून राहिले, आणि माझा वाजवणारा भावाला आणायला गेला, तो.